पुढच्यास ठेच, मागचा शहाणा : लहान धंद्यात जाणत्या मार्गदर्शकाचा उपयोग



श्रीभवानीच्या देवस्थानामुळे आपल्या तुळजापुरास बारमाही बाजाराचे स्वरूप आलेले आहे. मंगळवारी, शुक्रवारी व पौर्णिमेस यात्रेकरूंची दाटी होते. आश्विनातील नवरात्रात तर महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण ह्या प्रांतांतून येणाऱ्या भाविकांनी गावचे रस्ते फुलून जातात. हळदकुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा, पेढे, खणनारळ इत्यादी जिनसा विकणारे दुकानदार, चहाच्या टपऱ्या व खानावळी चालविणारे लोक, ह्या सर्वांचा चरितार्थ त्या गर्दीवर अवलंबून असतो. तालुक्यातील खेड्यांत पाहावे तर कोणी शेळ्या पाळतो, कोणी कोंबड्या, कोणी शिवणयंत्र चालविते, कोणी पापडलोणची करून विकते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरची चूल अशाच एखाद्या लहान धंद्यावर पेटत असेल. म्हणून प्रस्तुत पाठ तुमच्या पुस्तकांत नसला तरी तुमच्या घराशी त्याचा निकट संबंध आहे, आणि तो तुमच्या आईवडिलांनीही वाचावा अशी आमची इच्छा आहे.

आपण पुष्कळ वेळा असे पाहतो की, दोन दुकाने शेजारी शेजारी उघडतात. भांडवल सारखे, माल सारखा, गिऱ्हाईकही सारखेच. तथापि एक दुकान टिकते व दुसऱ्यास दोन वर्षांत कुलूप लागते. लोक ह्यास नशीब असे नाव देतात. नशिबाचा, आजारपणाचा व पावसापाण्याचा भाग त्यात असतो हे खरे. परंतु पुष्कळ ठिकाणी बुडण्याचे कारण ह्याहून साधे असते. ज्यास पहिली ठेच लागली त्यास ती कोठे लागेल हे सांगणारा कोणी भेटला नाही, एवढेच ते कारण होय. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण सर्वजण जाणतो. पण पुढचा मनुष्य मागे वळून बोलला नाही, तर मागचा शहाणा होणार कसा? धंद्यात मागे वळून बोलणाऱ्या अशा मनुष्यास आपण मार्गदर्शक म्हणू, आणि तो मोबदला न घेता हे काम करीत असेल तर स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणू.

मार्गदर्शक कोणता प्रश्न विचारतो?

मार्गदर्शक पैसे देत नाही, मालही देत नाही. मग तो देतो तरी काय? हे समजण्याकरिता एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका गृहस्थाने नवरात्रापूर्वी सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून २०,००० रुपयांचा माल उधारीवर आणला. उत्सवात त्यापैकी १५,००० रुपये खरेदीचा माल त्याने १९,५०० रुपयांस विकला. जागेचे भाडे १,५०० व गाडीभाडे ५०० रुपये देऊन कोजागिरीनंतर त्याच्या गल्ल्यात १७,५०० रुपये राहिले. एवढी रोकड पाहून घरातील सर्वांस आनंद झाला, व ६,००० रुपये कपडेलत्ते आणि पाहुणचार ह्यांत खर्च झाले. त्यास कमाई किती झाली असे विचारले असता तो 'साडेसतरा हजार' असे सांगेल. वास्तविक कमाई किती झाली?

गल्ल्यातील १७,५०० व शिल्लक मालाचे ५,००० मिळून २२,५०० रुपये होतात. त्यांतून व्यापाऱ्याचे देणे २०,००० वजा केल्यास खरा नफा अवघा २,५०० रुपये उरतो. त्याने ६,००० खर्च केले. म्हणजे ३,५०० रुपये व्यापाऱ्याचे खाल्ले! उरलेला सगळा माल खरेदीच्या भावाने विकला तरी त्याचे देणे फिटत नाही. पुढील वर्षी व्यापारी उधार देत नाही, सावकाराकडे जावे लागते, आणि दुकान बसते. गिऱ्हाईक भरपूर असताना, माल चांगला असताना, मनुष्य कष्टाळू असताना दुकान बसते.

आता ह्याच गृहस्थाच्या शेजारी वीस वर्षे दुकान चालविलेला एखादा वडीलधारा मनुष्य आहे, व तो संध्याकाळी घटकाभर येऊन बसतो, अशी कल्पना करा. तो काही व्याख्यान देणार नाही. तो इतकेच विचारील : 'बाबा, ह्या पैशांत तुझे किती आणि दुसऱ्याचे किती?' नंतर तो म्हणेल, 'घरखर्चाची पिशवी निराळी ठेव व दुकानाची निराळी ठेव. उधारी कोणास किती दिली ते आजच्या आज लिही. सगळा माल एकाच व्यापाऱ्याकडून आणू नकोस. दुसऱ्या पेठेत भाव विचारून ये.' ह्या चार गोष्टी पुस्तकांतही सापडतात. परंतु पुस्तक आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत नाही, व आठ दिवसांनी 'लिहिलेस का?' असे विचारीतही नाही.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण

परस्परांस शिकवीत धंद्यास लागण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. (ह्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून २०२३ साली धाराशिव असे करण्यात आले.) ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली व हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच मरण पावली.

पुढे घरे दुरुस्त करण्याची व नवी बांधण्याची सरकारी योजना आली. पण योजना कागदावर असते व माणसे गावात असतात. भूकंपात टिकेल असे घर कसे बांधावे, मदतीचा हप्ता केव्हा मिळतो, हे घरोघरी कोण सांगणार? त्या वेळी प्रेमा गोपालन ह्या बाईंच्या पुढाकाराने चाललेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. ज्या स्त्रिया त्यापूर्वी चावडीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या इंजिनियरांस प्रश्न विचारू लागल्या व शेजारणींस पाया, पट्टी आणि कोपरे ह्यांची माहिती देऊ लागल्या. ह्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती. त्यांचा एकच अधिकार होता, तो हा की त्या त्याच गावच्या होत्या व त्यांचेही घर पडले होते.

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातील स्त्रिया तेथील स्त्रियांस धीर देण्यास व अनुभव सांगण्यास गेल्या. २००४ सालच्या त्सुनामीनंतर असेच काही जणींचे जाणे तामिळनाडूत झाले. भाषा निराळी, अन्न निराळे. पण 'आमचेही असेच झाले होते, आम्ही असे असे केले' हे वाक्य दुभाष्यामार्फतही समजते.

घरांचे काम संपल्यावर हीच रीत बचत गटांत व धंद्यांत उतरली. मात्र धंद्याची वाट सरळ नव्हती. २००६ सालच्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने 'ऊर्जा' नावाची कमी धुराची चूल काढली, व ती खेड्यांत विकण्याचे काम ह्या स्त्रियांनी पत्करले. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून केलेल्या गोळ्या त्या चुलीत जळत. चूल चांगली खपली. परंतु पुढे गोळ्यांचा कच्चा माल महाग झाला, गोळ्या महागल्या व घरगुती खप उतरला. ज्या स्त्रीने केवळ चूल विकण्याचे शिक्षण घेतले असेल तिचा धंदा तेथेच थांबणार; परंतु जिला गिऱ्हाईकाची गरज ओळखणे, हिशेब ठेवणे व दारोदार जाऊन विश्वास संपादन करणे हे साधले असेल, ती उद्या सौर कंदील विकू शकते, परवा दुसरी एखादी वस्तू विकू शकते. ह्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी तशाच रीतीने पुढे सौर दिव्यांसारख्या वस्तूंकडे वळल्या. एका मालाची माहिती त्या मालाबरोबर संपते. धंद्याची जाण मात्र हाती राहते. मार्गदर्शकाने द्यावयाची वस्तू ही दुसरी होय.

आपल्याच तालुक्यातील गंधोरा गावच्या श्रीमती गोदावरी डांगे ह्यांचे नाव ह्या संबंधात आदराने घेतले पाहिजे. शालेय शिक्षण अपुरे राहिलेले, लहान वयात वैधव्य आलेले, अशा स्थितीत त्या बचत गटाच्या कामास लागल्या व पुढे गावोगावच्या स्त्रियांस शेतीचे व संघटनेचे मार्गदर्शन करू लागल्या. दुष्काळाच्या वर्षांत ह्या कामातून 'एक एकर शेती' ही पद्धत नावारूपास आली. घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा स्त्रीने मागून घ्यावा. त्यात सोयाबीन किंवा ऊस ह्यांसारखे एकच विक्रीचे पीक न घेता ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी अनेक पिके घ्यावीत. खत घरीच तयार करावे. प्रथम घरचे ताट भरावे व उरेल ते बाजारात न्यावे, अशी ती थोडक्यात आहे. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते. ही गोष्ट एका स्त्रीने दुसरीस आपल्या बांधावर उभे करून दाखविली, तेव्हा ती पटली. ह्या कार्याबद्दल संस्थेस २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले. प्रेमा गोपालन २०२२ साली निवर्तल्या. परंतु शिकलेल्या स्त्रियांनी पुढच्यांस शिकवावे ही रीत त्या मागे ठेवून गेल्या.

दुसरे उदाहरण ह्याच जिल्ह्यातील हिंगळजवाडीच्या श्रीमती कमल कुंभार ह्यांचे. बांगड्या विकण्यापासून आरंभ करून त्या कुक्कुटपालनात स्थिरावल्या, व आपणांस जे साधले ते इतर स्त्रियांस शिकवू लागल्या. २०२१ सालचा 'नारी शक्ती पुरस्कार' राष्ट्रपतींच्या हस्ते ८ मार्च २०२२ रोजी त्यांस मिळाला. कोंबड्यांस रोग केव्हा येतो, लस केव्हा टोचावी, खाद्य कोठे स्वस्त मिळते, अंडी कोणत्या बाजारी न्यावीत, ह्या गोष्टी स्वतः कोंबड्या पाळलेल्या बाईने सांगितल्या म्हणजे ऐकणारीस शंका राहत नाही.

इतरत्र काय आढळले?

जाणत्याने नवशिक्यास विनामोबदला सल्ला द्यावा ही कल्पना इतर देशांतही व्यवस्थितपणे राबविलेली आहे. अमेरिकेत १९६४ साली धंद्यातून निवृत्त झालेल्या अनुभवी लोकांचे एक मंडळ सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या आश्रयाने स्थापन झाले. 'स्कोर' ह्या नावाने ते आजही लहान धंदेवाल्यांस फुकट सल्ला देते. आपल्या देशात १९९२ साली श्रीमती लक्ष्मी वेंकटेशन ह्यांनी 'भारतीय युवा शक्ती ट्रस्ट' स्थापन केला, जे. आर. डी. टाटा हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. गरीब घरातील होतकरू तरुणास तारणावाचून कर्ज मिळवून द्यावयाचे, व त्या बरोबरच एक अनुभवी मार्गदर्शक त्याच्याशी जोडून द्यावयाचा, अशी त्याची पद्धत आहे. पुण्यातही त्याचे कार्य चालते. कर्ज व मार्गदर्शक ह्यांची अशी जोडी लावण्यात मोठे शहाणपण आहे, हे वरील नवरात्राच्या हिशेबावरून तुमच्या ध्यानी येईल.

परंतु ह्या गोष्टीचा खरोखर उपयोग होतो किंवा कसे, हे पारखून पाहिले आहे काय? पाहिले आहे. केनिया देशातील नैरोबी शहराच्या दांदोरा नामक गरीब वस्तीत काही अर्थशास्त्रज्ञांनी लहान दुकाने चालविणाऱ्या स्त्रियांचे तीन भाग केले. एकीस वर्गात बसवून व्यापारशास्त्र शिकविले; दुसरीस त्याच वस्तीतील अनुभवी दुकानदारीण मार्गदर्शक म्हणून जोडून दिली; तिसरीस काहीच दिले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मार्गदर्शक लाभलेल्या स्त्रियांचा नफा सरासरीने सुमारे २० टक्के वाढला. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यात मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. कारण शोधता असे आढळले की, माल स्वस्त कोठे मिळतो ही त्या पेठेपुरती माहिती अनुभवी बाईजवळ होती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

ह्या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा आहे. दोघींच्या भेटी जसजशा थांबल्या, तसतसा तो लाभही ओसरला. बाजारभाव बदलतात, व्यापारी बदलतात. काल सांगितलेला भाव आज निरुपयोगी होतो. सल्ला ही एकदा घेऊन ठेवावयाची वस्तू नव्हे. रोपास जसे पाणी, तशी ती वरचेवर लागते.

अहमदाबादेतील 'सेवा' बँकेच्या ग्राहक स्त्रियांसंबंधीही असाच एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांस दोन दिवसांचे शिक्षण दिले. काहींस एकटीने बोलाविले, काहींस मैत्रीण घेऊन यावयास सांगितले. चार महिन्यांनी पाहता, मैत्रिणीसह आलेल्या स्त्रियांनी धंद्याकरिता कर्ज घेण्याचे धाडस अधिक केले व त्यांच्या घरचे उत्पन्नही अधिक झालेले दिसले. शिक्षण दोघींस एकच. पण जिला सोबत होती तिने ते वापरले. ज्यांच्या घरी बाहेर पडण्यास बंधने अधिक, त्यांस ह्या सोबतीचा लाभ विशेष झाला.

सल्ला देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे धर्म

येणेप्रमाणे विचार करता आम्हांस चांगल्या मार्गदर्शकाची चार लक्षणे दिसतात. पहिले, त्याने तो किंवा तशासारखा धंदा स्वतः केलेला असावा. दुसरे, तो जवळचा असावा. त्यास आपली पेठ, आपला मोसम व आपले गिऱ्हाईक माहीत असावे. तिसरे, तो नियमाने भेटणारा असावा. वर्षातून एकदा दोन तास येणाऱ्या विद्वानापेक्षा दर आठवड्यास अर्धा तास येणारा शेजारी बरा. चौथे व सर्वांत महत्त्वाचे, त्याचा त्या धंद्यात स्वार्थ नसावा. जो आपलाच माल खपविण्याकरिता सल्ला देतो तो विक्रेता होय. जो सल्ल्याच्या निमित्ताने व्याजाने पैसे देतो तो सावकार होय. त्यांचेही बाजारात स्थान आहे. परंतु त्यांस मार्गदर्शक समजून चालू नये.

घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. वैद्यापासून रोग लपविला तर औषध लागू पडत नाही. त्याप्रमाणे कर्ज किती, उधारी किती, घरी किती खर्च झाले, हे मार्गदर्शकापासून लपवू नये. आणि मार्गदर्शकाने ऐकलेली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये. पुष्कळ लोक सल्ला घेण्यास लाजतात, ते ह्याच भीतीने की आपली फाटकी बाजू गावास कळेल. जो ही भीती दूर करील त्याच्यापाशीच माणसे मन मोकळे करतील.

सल्ल्याच्या सामर्थ्यास मर्यादाही आहेत. ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी कितीही चांगला सल्ला शेत पिकवू शकत नाही. ज्या मालाची कोणास गरज नाही तो माल मार्गदर्शकाच्या शब्दाने खपत नाही. शेवटी निर्णय धंदा करणाऱ्याचा व जबाबदारीही त्याचीच. 'हा धंदा तू करू नकोस' असे सांगणे हाही कधी कधी उत्तम सल्ला असतो, व तो सांगणारा आणि ऐकणारा दोघांसही धैर्य लागते.

विद्यार्थी काय करू शकतात?

तुम्ही म्हणाल, आम्ही लहान. आम्हांस ह्यात काय करता येईल? करता येण्याजोगे पुष्कळ आहे. तुमच्या आईस किंवा वडिलांस लिहिण्यावाचण्याची सवय नसेल, तर रोज संध्याकाळी दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसून तीन ओळी लिहा : आज विक्री किती झाली, आज खर्च किती झाला, आज उधारी किती दिली. महिना संपल्यावर बेरीज करून दाखवा. शाळेत शिकलेली बेरीजवजाबाकी ह्याहून अधिक पवित्र कामी लागणार नाही. घरच्या वडीलधाऱ्यांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी ज्यांनी वर्षानुवर्षे दुकान चालविले आहे त्यांजपाशी जाऊन 'आपणांस पहिली ठेच कोठे लागली?' असे नम्रपणे विचारा. असे विचारणारे मूल पाहून वृद्ध मनुष्यास किती आनंद होतो हे विचारल्यावाचून कळणार नाही.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपण धंद्यात स्थिर झाला असाल तर आपल्या गल्लीत नव्याने दुकान मांडणाऱ्यास प्रतिस्पर्धी न समजता आठवड्यातून घटकाभर त्याच्याकडे जाऊन बसावे. एका पेठेत पाच दुकाने नेटाने चालली म्हणजे गिऱ्हाईक त्या पेठेकडे वळते. पाचांपैकी चार बंद पडली म्हणजे पाचव्याचेही गिऱ्हाईक कमी होते. आणि आपण अडचणीत असाल तर दुकानास कुलूप लावण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मनुष्यास आपली वही दाखवावी. त्यात कमीपणा नाही. त्या दुकानावर आपल्या मुलांची शाळा चालत असते.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. वरील उदाहरणातील गृहस्थाने घरखर्चास २,००० रुपयेच घेतले असते, तर व्यापाऱ्याचे देणे व शिल्लक माल ह्यांचा हिशेब कसा झाला असता, ते मांडून दाखवा.

२. नैरोबीच्या प्रयोगात वर्गातील शिक्षणापेक्षा शेजारणीचा सल्ला अधिक उपयोगी का पडला? पुढे लाभ ओसरण्याचे कारण काय?

३. एकाच पिकावर किंवा एकाच मालावर विसंबण्यात धोका कोणता, हे 'ऊर्जा' चूल व 'एक एकर शेती' ह्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट करा.

४. आपल्या गावातील एका जुन्या दुकानदारास भेटून त्यांनी नवशिक्यास दिलेले तीन सल्ले त्यांच्याच शब्दांत वहीत उतरून आणा.